प्रितेशचं खालच्या सप्तकाचं पेडल

वडापाव खाताना तो आधी वडा संपवायचा. मग नुसता पाव, मिरचीबरोबर.

फोन कायम उजव्या कानाला. उजव्या हातात गिटार असली तरी ती आधी खाली ठेवायचा, मग फोन घ्यायचा.

रस्त्याने चालताना सोबतच्या माणसाला आपल्या उजव्या अंगाला घ्यायचा. माणूस डावीकडे गेला की हा गुपचूप जागा बदलायचा.

अंजूरच्या उतारावर स्कूटर बंद करून ती तशीच घरंगळू द्यायचा.

गिटार सुरात लावताना हनुवटी लाकडावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. फोनमध्ये ट्यूनर होता. तरी.

केबल कोपरावर गुंडाळणाऱ्याशी भांडायचा.

बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे कधी बघायचा नाही. ओठांकडे बघायचा.

काहीही विचारलं की आधी "हां, चालतंय" म्हणायचा. मग हळूच विचारायचा, "काय बोल्लास?"

भाविकला यातलं काही वेगळं वाटलं नव्हतं. दोघं भिवंडीजवळच्या शेलार गावचेच, पहिलीपासून एका बाकावरचे. प्रितेशच्या घराच्या भिंतीला भिंत लावून त्याच्या वडिलांची, तुळशीरामकाकांची, कापड विणायच्या लूमची शेड होती. आधी तिथे भात व्हायचं. प्रितेश जन्मला तेव्हा लूम बसवून झाल्या होत्या. त्या घरात सगळेच ओरडून बोलत. आक्का, म्हणजे प्रितेशची आई, चहा हवा का हे सुद्धा भांडण काढल्यासारखं विचारायची. टीव्ही रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. शेडमधली माणसं एकमेकांचे ओठ वाचत आणि हाताने उत्तर देत. त्यामुळे प्रितेश ओठांकडे बघतो, यात बघण्यासारखं काय होतं?

दहावीनंतर प्रितेश शेडमध्ये लागला. भाविक बी.ए. करून आला आणि अंजूरच्या एका गोदामात खोक्यांवर बारकोड मारायला लागला. संध्याकाळी दोघं प्रितेशच्या मागच्या खोलीत बसत. प्रितेश वाजवायचा. भाविक ऐकायचा. भाविकला वाजवता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. प्रितेश म्हणायचा, "तू माझा कान हायस." हे तो चेष्टेत म्हणायचा.

हळदीला वाजवायचं काम प्रितेशला कल्पेशमुळे मिळालं होतं. कल्पेश पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा, बेस गिटार वाजवणारा. आगऱ्यांच्या हळदीला रात्रभर डीजे असतो, पण डीजेच्या आधी, संध्याकाळी, घरचे लोक निवांत बसलेले असतात. तेव्हा हे दोघं वाजवत. मग कल्पेशला गुजरातमध्ये कंपनीत नोकरी लागली आणि प्रितेशच्या गाण्याखालची जमीनच गेली. नुसत्या गिटारवर हळदीचं गाणं पोकळ वाटायचं. ढोलकीचं रेकॉर्डिंग लावलं तरी पोकळच.

त्याच सुमारास तुळशीरामकाकांनी निकाल लावला. दोन पाळ्या उभं राहणं आता त्यांना जमत नव्हतं. त्यांनी ओट्यावर बसून, भाविकच्या देखत सांगितलं, "पडघ्याचा अनंताशेठ या सीझनला तुला पार्टीत घेतो तर जा. मी आडवा येनार न्हाय. न्हाय घेतला, तर शेड तुझी. मंग गिटार खुटीला."

अनंताशेठची बँड पार्टी साऱ्या तालुक्यात चालायची. एक माणूस कमी म्हणजे एकाचा खर्च कमी, हे त्याला पटलेलं होतं. त्याने प्रितेशला एवढंच म्हटलं, "एकट्यानं दोघांचं वाजवतो म्हनतोस ना? मंग आयकव." ऐकवायची जागाही ठरली. अंजूरला दिशाची हळद होती. दिशा भाविकची मामेबहीण. मांडव घरचाच.

प्रितेशकडे लूपर होता. पायाने दाबायचं, वाजवायचं, पुन्हा दाबायचं. वाजवलेलं तो धरून ठेवतो आणि फिरवत राहतो. त्यावर दुसरं वाजवायचं, त्यावर तिसरं. एकटा माणूस असा थर चढवत जातो. पण तळाचा थर गिटारमधून निघत नाही. गिटारची सगळ्यात जाड तारसुद्धा बेसच्या मानाने पोरगीच. त्यासाठी गिटार आणि लूपर यांच्यामध्ये एक पेडल लागतं. ते सूर अख्खं सप्तक खाली उतरवतं. आधी पेडल चालू करून बेसची ओळ वाजवायची, ती लूपरमध्ये अडकवायची, मग पेडल बंद करून वरची गिटार.

पहिल्यांदा प्रितेशने ते लूपरच्या नंतर लावलं होतं. झालं असं, की बेस आणि गिटार सगळंच खाली गेलं. गाणं म्हशीसारखं हंबरायला लागलं. दोघं हसून लोळले होते.

कल्याणला चंद्रा नावाचा माणूस जुनी वाद्यं घ्यायचा-विकायचा. त्याने दोन पेडलं दिली. हळदीपर्यंत वापरून बघ, एक ठेव, एक परत आण.

एक हिरवं, वजनदार, जुनं. ते एका वेळी एकच सूर ओळखायचं. दोन तारा एकत्र वाजल्या की गोंधळून गुरगुरायचं. आवाज मात्र मातीसारखा जाड. दुसरं पांढरं. ते चार तारा एकत्र वाजवल्या तरी चारही नीट उतरवायचं. शिवाय सूर वरच्या सप्तकातही चढवायचं. प्रितेशच्या डोक्यात कल्पना होती, की बेस झाला की त्याच पेडलवर सूर वर चढवून सनईसारखं काही वाजवायचं. हळदीत सनई म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं.

पलीकडे लूम चालू असताना ते रोज दोन्ही लावून बघायचे.

"हिरवं दारू प्यायलेलं हाय," प्रितेश म्हणाला. "एक पाय इथं, एक तिथं."

"तुझ्या मामासारखं."

"मामाचा आवाज तरी एक हाय."

पांढऱ्याची एकच तक्रार त्याला होती. वरचं सप्तक फार बारीक येतं. त्याने ते बटण फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेलं. भाविकचे दात शिवशिवले. तो म्हणाला, लागतंय कानाला. प्रितेश म्हणाला, "लूमच्या वर काढायला नको?" ते बरोबर वाटलं. त्या खडखडाटात काहीही बरोबर वाटत असे.

मग शुक्रवार आला.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. त्या दिवशी शेलारमध्ये कावळे ऐकू येतात. प्रितेशने पांढरं पेडल लावलं. पेडल आणि लूपर दोन्ही एकाच अडॅप्टरवर होते. वायर फोडून त्यानेच जोडले होते. त्याने अजून तारेला हातही लावला नव्हता, आणि स्पीकरमधून शिट्टी आली.

बारीक, सरळ, न थांबणारी. कुकरची शिट्टी थांबते. ही थांबत नव्हती. कानातून शिरून कवटीच्या मागे निघत होती. भाविकने प्रितेशकडे बघितलं. आता तो उठेल, वायर हलवेल, शिवी देईल.

प्रितेशने बेसची ओळ वाजवली. लूपर दाबला. ओळ फिरू लागली, तिच्याबरोबर शिट्टीही. गिटार चढवली. त्या थराबरोबर शिट्टीचा दुसरा थर चढला. त्याने डोळे उघडले. चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"बघ," तो म्हणाला. "लूम नसली की किती साफ येतंय."

भाविकने विचारलं, "ही शिट्टी कसली?"

प्रितेशने त्याच्या ओठांकडे बघितलं. "कसली?"

भाविक वाकला आणि पेडलची पिन काढली. शिट्टी गेली. पुन्हा घातली. आली. प्रितेश त्याच्या हाताकडे बघत होता, काय करतोय हा, असं. तेवढ्यात तुळशीरामकाका दारात आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मान हलवली. आता कसा भरला आवाज, म्हणाले. आक्का चहा घेऊन आली. तिने कप खाली ठेवला, बसली, पदराने वारा घेत ऐकत राहिली. शिट्टी चालू होती. तिघांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. सुख होतं.

भाविक उठून अंगणात गेला. अंगणातही ती येत होती. त्याने नळावर तोंड धुतलं. तो आत आला आणि म्हणाला, "हिरवं घेऊ या."

"का रं?"

"जाड आहे आवाज."

"दारुड्याला मांडवात न्यायचं?" प्रितेश हसला. "कान गेले का तुझे?"

हे वाक्य भाविकने घरी जाताना, जेवताना, गोदामात, सगळीकडे पुन्हा पुन्हा ऐकलं.

शिट्टी अडॅप्टरची होती, हे त्याला चंद्राकडून कळलं. चंद्रा म्हणाला, दोन वस्तू एकावर लटकवल्या की असं होतं, पांढऱ्याला वेगळा अडॅप्टर द्या. भाविकने वेगळा आणला. लावून बघितला. शिट्टी गेली. मग त्याला वाटलं, सुटलं. मग वाटलं, काय सुटलं? उद्या दुसरी शिट्टी येईल. पेडलची, माइकची, कुठलीही. हा वाजवत राहील.

त्याने सांगायचं ठरवलं. सांगायला तो नेमका लूम चालू असताना गेला. कदाचित मुद्दाम. प्रितेश शेडच्या तोंडाशी बॉबिनचा ट्रे घेऊन उभा होता. भाविक त्याच्यासमोर उभा राहिला आणि सगळं बोलला. तुला वरचं ऐकू येत नाही. तुझ्या घरात कोणालाच येत नाही. कान दाखवू. स्वतःचा आवाज त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता. प्रितेश त्याच्या ओठांकडे बघत होता. शेवटी त्याने ट्रे दुसऱ्या हातात घेतला.

"हां, चालतंय," तो म्हणाला आणि आत गेला.

या वेळी मागून "काय बोल्लास?" आलं नाही.

दिशाच्या हळदीला मांडव भरला होता. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या गोदूबाई आणि तिच्या सोबतिणींचे धवले गाऊन झाले होते. बायका घाम पुसत बसल्या होत्या. समोर खुर्चीत अनंताशेठ, मांडीवर रुमाल. डीजेवाल्याने आपले मोठे स्पीकर प्रितेशला वापरू दिले. भाविकला मामाने पाण्याचे जार उतरवायला पाठवलं. तो परत येईपर्यंत प्रितेशने मांडणी केली होती. विजेच्या बोर्डावर एकच जागा मोकळी होती. त्याने सवयीप्रमाणे फोडलेली वायर काढली आणि पेडल आणि लूपर एकाच अडॅप्टरवर लटकवले. नवा अडॅप्टर पिशवीत राहिला.

एवढ्या मोठ्या स्पीकरमधून शिट्टी मांडवावर पसरली.

पोरं आधी हसली. मग एकेकाने कानात बोटं घातली. गोदूबाईने पदर कानावर घट्ट धरला. पाळण्यातलं एक मूल रडायला लागलं. प्रितेशला दिसलं. त्याला सगळं दिसत होतं. लोक कान झाकतायत म्हणजे नवीन बेस फार जोरात होतोय, असं त्याने ताडलं. त्याला तोच ऐकू येत होता. त्याने पायाने बेस कमी केला आणि वरचं सप्तक वाढवलं.

आता अर्धा मांडव उठला. डीजेवाला दुरून हात हलवत ओरडत होता. प्रितेश त्याच्याकडे बघून हसला, मान हलवली. बेस आणखी कमी केला. सनई आणखी वर नेली.

भाविक खुर्च्यांमधून वाट काढत होता. पोहोचला आणि त्याने बोर्डावरचं बटण बंद केलं.

मांडव शांत झाला. प्रितेशचा हात अजून तारांवर होता. त्याने भाविककडे बघितलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं.

अनंताशेठ वाईट माणूस नव्हता. त्याने भाविकला बाजूला घेतलं. पोरगा बोटाला चांगला आहे, म्हणाला. यंदा राहू दे. आधी कान दाखवा. मग तो जेवायला गेला. थोड्या वेळाने डीजे सुरू झाला आणि लोक नाचायला लागले.

कान तपासायची खोली काचेची होती. प्रितेश आत, डोक्यावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. बाहेर यंत्रापाशी एक बाई बसली होती. ती आवाज सोडायची तेव्हा यंत्रावर छोटा दिवा लागायचा. भाविक तिच्या मागच्या बाकावर होता, म्हणून त्याला दिवा दिसत होता.

खालचे सूर प्रितेशने पटापट ओळखले. दिवा लागला की अंगठा दाबला जायचा. जसं काही वाजवतोय. मग बाईने सूर वर नेले. दिवा लागला. अंगठा हलला नाही. दिवा विझला, पुन्हा लागला. प्रितेश ताठ बसला होता. तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, प्रश्नाची वाट बघत. दिवा लागत होता. त्याने काचेतून भाविककडे बघितलं आणि भुवया उचलल्या. सुरू कधी होणार?

भाविकने हसून दाखवलं. दुसरं काय करणार?

डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. डावा जास्त गेलाय. आहे ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब राहा. काम कुठे करता?

"घरीच," प्रितेश म्हणाला.

"मग बरं आहे."

भाविकने सांगितलं, की घराला लागून लूम आहेत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. घर बदलता येईल का, असं विचारलं. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

जिन्यात प्रितेश थांबला. "तू सांगितलेलंस," तो म्हणाला. "शेडच्या तोंडाशी. मी बघितलेलं."

"मग बोलला का नाहीस?"

"हळद तोंडावर होती. बोलून काय झालं असतं? हळद थांबली असती?" तो दोन पायऱ्या उतरला. "मना वाटलं, तू हायस ना."

भाविक उतरून त्याच्या उजव्या अंगाला गेला.

घरी सांगितलं तेव्हा आक्का गप्प झाली. त्या घरात गप्प होणं म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच कळतं. तुळशीरामकाका मात्र चिडले नाहीत. त्यांना खरंच कळलं नाही. "मना तरी कुठं आयकू येतंय?" ते म्हणाले. "काय अडलं माझं? लगीन झालं, पोरं झाली, घर बांधलं." भाविकने कानात घालायचे बोळे आणले होते. काकांनी ते तळहातावर घेऊन बघितले. लूम बिघडली तर आधी तिचा आवाज बदलतो, म्हणाले. कान बंद केले तर कळणार कसं? आणि परत दिले. त्यांचंही खोटं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे शेड प्रितेशची झाली. तरी त्या आठवड्यात एक दुपार तो खोलीत बसला होता. वीज गेली होती, लूम थांबल्या होत्या. चंद्राचा दोनदा फोन येऊन गेला होता, कुठलं ठेवताय, कुठलं आणताय. भाविक गेला तेव्हा दोन्ही पेडलं जमिनीवर शेजारी शेजारी होती.

"तू सांग," प्रितेश म्हणाला. "तुझ्या कानानं घेऊ. घरापुरतं तर वाजवीन."

भाविकने या वेळी खोटं सांगितलं नाही. पांढरं, तो म्हणाला. वेगळ्या अडॅप्टरवर. आणि वरचं सप्तक निम्म्यावर, त्याच्या पुढे नाही. प्रितेशने बटण निम्म्यावर आणलं, वाकून बघितलं, ठीक आहे का विचारलं. भाविकने मान हलवली. प्रितेशने त्या जागेवर नखाने खूण केली.

पेडल आणि लूपर जोडायला वीतभर केबल लागत होती. होती ती फार लांब होती. त्याने ती कापली. तेवढ्यात वीज आली. पलीकडे तुळशीरामकाका एकेक लूम चालू करत होते, तोवर त्याने शेगडी तापवायला ठेवावी तशी सोल्डरिंग गन लावली. धूर निघाला. एका टोकाला त्याने पेडलमध्ये घालायचा जॅक बसवला, फुंकर मारली, ओढून बघितला. दुसऱ्या टोकाची वायर दातांनी सोलली. तांब्याचे केस चिमटीत पिळले.

दारात तुळशीरामकाका आले. बोलले नाहीत, आवाज सुरू झाला होता. दोन बोटांनी ये म्हणाले. प्रितेशने गनची पिन काढली आणि उठला.

आता तो दोन्ही पाळ्यांना असतो. शुक्रवारी झोपतो. भाविक जातो, आक्का ओरडून चहा विचारते, प्रितेश भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. हिरवं पेडल भाविकनेच चंद्राला नेऊन दिलं. पांढरं खोलीत आहे. केबल त्याच्या शेजारी आहे. एका टोकाला जॅक. दुसऱ्या टोकाला पिळलेलं तांबं, आणि त्याच्या बाजूला दुसरा जॅक, झाकण उघडून ठेवलेला.